फोन वाचणार, तर फोनही तपासा

लघवीत बुडवलेली पट्टी रंगीत तक्त्यावर ठेवायची, फोनने फोटो काढायचा; साखर, प्रथिने किती ते ॲप सांगणार. मुंबईच्या बायोसेन्स कंपनीचे मिश्किन इंगवले यांनी हे ‘यूचेक’ २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील टेड परिषदेत मांडले. मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएचे पत्र आले: पट्ट्यांची मान्यता डोळ्यांनी वाचण्यापुरतीच आहे; फोन वाचणार असेल, तर ॲपसकट साऱ्या संचाला मान्यता हवी. काहींना ही लालफीत वाटेल, आम्हाला ती रास्त वाटते. पिवळ्या दिव्याखाली पट्टीचा रंग वेगळा दिसतो आणि चुकीच्या ‘नॉर्मल’ची किंमत रुग्ण मोजतो. २०१८ मध्ये इस्रायलच्या हेल्दी डॉट आयओने अशी मान्यता मिळवलीही. घरच्या तपासणीचे ॲप घेताना वाचकांनी किमतीआधी मान्यता पाहावी.