बदलीच्या गावचे ब्रह्मचारी

पुरुष बाहेरख्याली का होतो, यावर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे भरपूर चिंतन झालेलं आहे. चिंतन करणारे अर्थात सगळे पुरुष. आरोपी, वकील आणि न्यायाधीश एकाच बाकावर! निकाल काय लागत असेल, ते तुम्हीच ओळखा.

पहिला बचाव बदलीचा. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला आणि सरकारी नोकरांची काळ्या पाण्यासाठी अंदमानापर्यंत जायची खेप वाचली. बायकापोरं पुण्याला, साहेब एटापल्लीला. आदिवासी-नक्षलग्रस्त भाग म्हणून सरकार इथं एकस्तर वरची वेतनश्रेणी देतं. काही साहेब संसारही एकस्तर वाढवून घेतात. वर म्हणतात, "काय करणार हो, जंगल! एकटेपणा खायला उठतो." एका साहेबांचं हे गाऱ्हाणं ऐकून भांडी घासणारी बाई म्हणाली, "जंगल त आमालेबी हाये जी. आमची त जलमापासूनची बदली इथंच हाये!" आणि तिकडे पुण्यात पोरांच्या परीक्षा आणि सासऱ्यांचा मोतीबिंदू एकटीनं निभावणारी बाई? तिचा एकटेपणा काय शाकाहारी असतो?

दुसरा बचाव ताडोब्याचा. "अहो, वाघ बघा! एका नराच्या हद्दीत दोन-तीन वाघिणी." बरोबर. पण वाघ रात्री येऊन "ताट वाढ" म्हणत नाही. आणि रानाचीच साक्ष काढायची, तर राखी धनेशाला का वगळता? मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर कित्येक आठवडे फटीतून तिला फळं भरवतो. हा पक्षी बाकावर कुणालाच दिसत नाही.

माझं खरं भांडण आहे ते राणी हिराईच्या गोष्टीशी. म्हणजे राणीशी नव्हे, ती ऐकून सद्गदित होणाऱ्यांशी. चांद्याचा गोंड राजा बीरशहा दुसऱ्या लग्नाच्या वेळी मारला गेला, असं सांगतात. हिराईनं अंचलेश्वराजवळ त्याची भव्य समाधी बांधली, दत्तक रामशहा लहान म्हणून राज्यही चालवलं. तिचा राज्यकारभार कुणी आठवत नाही; "काय ती निष्ठा!" म्हणून डोळे मात्र पुसतात. पुरुष बिघडतो तो या खात्रीनं. आपण कुठंही तोंड मारावं, घरची बाई समाधी बांधणारच! जंगल बिचारं फुकट बदनाम.

कायद्यानंही लाड पुरवलेच. १८६० च्या दंडविधानातलं कलम ४९७ घ्या. नवऱ्यानं बाहेर भानगड केली तर फिर्याद करायचा हक्क त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्याला. घरच्या बायकोला नाही! जणू कुणाची सायकल नेली होती. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं, तेव्हा आमच्या एका मित्रानं "सुटलो!" म्हणून पेढे मागवले. मी म्हटलं, "गुन्हा नाही राहिला, पण घटस्फोटाला एवढं कारण आजही पुरतं."

पेढा हातातच राहिला. म्हणाला, "हे आमच्या हिला ठाऊक आहे का हो?"