रुमाल आणि तसबीर

गोविंद बल्लाळ देवल १८५५ सालीं सांगलीजवळच्या हरिपुरास जन्मले, आणि गोपाळ गणेश आगरकर १८५६ सालीं कऱ्हाडजवळच्या टेंभूस. दोन्ही गांवें कृष्णाकांठचीं. आगरकरांनीं १८८३ सालीं शेक्सपियरचें ‘हॅम्लेट’ ‘विकारविलसित’ या नांवानें मराठींत आणिलें, तर देवलांनीं १८९० सालीं ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. गणपतराव जोशांनीं हे दोन्ही नायक ज्या शाहूनगरवासी मंडळींत गाजविले, तिच्या नांवांतही सातारा आहेच!

हॅम्लेटच्या दिरंगाईविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस अधिक ओळखीचा वाटतो तो म्हातारा पोलोनियस. मुलगा परदेशीं गेला तर त्याच्या वर्तनाचा तपास करावयास हा माणूस धाडतो, मुलीस आलेलें पत्र राजाराणीस वाचून दाखवितो, आणि अखेर राणीच्या महालांत पडद्याआड उभा असतां प्राणास मुकतो. दुष्ट म्हणावा तर तसाही नव्हे. घरांतील प्रत्येक गोष्ट आपणांस कळली पाहिजे, एवढाच त्याचा हव्यास. सुनेचें माहेरचें पत्र आधीं फोडणारीं वडीलधारीं माणसें आपल्या घरांतून काय थोडीं होऊन गेलीं? हल्लीं पत्राऐवजीं भ्रमणध्वनीवरील निरोप वाचले जातात, इतकेंच.

इयागोसारखा खल शंभरांत एखादाच. त्याच्यापासून सावध राहणें त्या मानानें सोपें. आम्हांस भय वाटतें तें मूळ नाटकांतील त्याच्या बायकोचें, एमिलियाचें. पडलेला रुमाल तिला सांपडतो. मालकिणीचा त्यावर किती जीव आहे हें तिला ठाऊक असतें, तरी नवरा खूष व्हावा म्हणून ती तो त्याच्या हवालीं करते. आणि पुढें मालकीण विचारते तेव्हां कानांवर हात ठेवते. मन वाईट नाहीं, नुसती भीड.

देवलांनीं हाच संशय पुन्हां हातीं घेतला, तो मोलिएरच्या प्रहसनाच्या आधारानें. १८९३ चा गद्य ‘फाल्गुनराव’ १९१६ सालीं संगीत ‘संशयकल्लोळ’ होऊन रंगभूमीवर आला. येथें रुमालाच्या जागीं तसबीर. परंतु फाल्गुनराव आणि कृत्तिका मनांतलें मनांत ठेवीत नाहींत. शेजाऱ्यापाजाऱ्यांस ऐकूं जाईल अशा आवाजांत भांडतात, आणि बोलण्यांतून बोलणें निघून गुंता सुटतो. प्रेक्षक पोट धरधरून हसतात तें या भांडणालाच.

ऑथेल्लोच्या घरीं असें भांडण होत नाहीं. तो संतापतो, नाहीं नाहीं तें बोलतो, पण संशय कोणावरून आला तें सांगत नाहीं. माझा अपराध कोणाशीं, असें ती स्पष्ट विचारते, तरी उत्तर मिळत नाहीं. कॅसिओचें नांव तो तिच्यापाशीं काढतो तें शेवटच्या रात्रीं. आणि रुमालाची हकीकत जिला ठाऊक, ती एमिलिया त्या वेळीं दाराबाहेर असते.