कोल्हा कुणाला दिसतो?

लहान मुलासाठी चित्रपुस्तक घेताना आपल्याकडचे बहुतेक पालक, आणि आमच्यासारखे प्राध्यापकही, आधी शेवटचे पान उघडतात. तिथे तात्पर्य सापडले की पुस्तक 'संस्कारक्षम' ठरते. नाही सापडले, तर मजकुराच्या मानाने किंमत किती, हा हिशेब सुरू होतो. पुस्तकखरेदीच्या एका समितीत 'चारच ओळी, मग एवढे पैसे कशाचे?' असे आम्हीही विचारले आहे. आज त्याची लाज वाटते.

पॅट हचिन्स या इंग्रज लेखिका-चित्रकर्तीचे 'रोझीज वॉक' (१९६८) पाहा. मजकूर अवघ्या ३२ शब्दांचा. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, एवढेच शब्द सांगतात. चित्रांत मात्र तिच्या मागावर कोल्हा आहे. दंताळ्यावर पाय पडून दांडा त्याच्या तोंडावर आदळतो, तो तळ्यात पडतो, पिठाने माखतो, शेवटी मधमाश्या त्याच्या पाठीस लागतात. मजकुरात त्याचा उल्लेख एकदाही नाही! वाचून दाखवणारा मोठा माणूस ओळींत अडकलेला असतो. अक्षरओळखही नसलेले मूल ओरडते, 'कोल्हा!' ज्या व्यंजनेसाठी एम.ए.च्या वर्गात आम्ही आनंदवर्धनापासून सुरुवात करतो, ती या मुलाला कुणी न शिकवता भेटते. आणि त्यालाच आम्ही विचारणार, 'मग या गोष्टीतून काय शिकलास?'

'हे परदेशातले झाले, आपल्याकडे काय?' या प्रश्नाला माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'ने केव्हाच उत्तर दिले आहे. शब्द आणि चित्रे एकाच हातची. घरातली माणसे उपदेशाच्या पाटावर न बसवता, आहेत तशी. तरीही आमच्या समीक्षेत चित्र म्हणजे 'सजावट'च, आणि चित्रकाराचे नाव आलेच तर कंसात.

आमचा आग्रह साधा आहे. मजकुरावर हात ठेवून आधी चित्रे पाहावीत. ती ओळींतलेच पुन्हा सांगत असतील, तर पुस्तक फळीवर परत ठेवावे. मग मोठ्याने वाचून पाहावे, कारण आवडलेले पुस्तक वीस वेळा वाचावे लागणार आहे. वाचताना 'रंग कोणता? कोंबड्या किती?' अशी तोंडी परीक्षा घेऊ नये. पान उलटण्याचे काम मुलाकडे द्यावे. त्याला मागे जायचे असेल तर जाऊ द्यावे. कोल्हा तळ्यात पडताना त्याला पुन्हा पाहायचा असतो.