अटॅक थांबले, तरी लक्ष ठेवा

घरात कुणाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असेल, तर सुरुवातीची वर्षं तुम्हाला आठवत असतील. अचानक नजर अंधुक व्हायची, पाय बधिर पडायचा. उपचार झाले की माणूस पुन्हा कामाला लागायचा.

आता तसे अटॅक येत नाहीत, पण पाय ओढला जातो. चौकापर्यंत जाणारा माणूस फाटकाशीच थांबतो. डॉक्टर याला सेकंडरी प्रोग्रेसिव्ह एमएस म्हणतात. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण आधीच खराब झालेलं असतं. आता आतले तंतूही हळूहळू निकामी होतात. हा आळस नाही. "जरा मनावर घे" असं त्यांना म्हणू नका. फार लागतं ते.

वर्ध्यात सगळ्यात जपायचा तो उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. एमएसमध्ये अंग थोडं जरी तापलं, तरी तंतूंमधून निरोप नीट पोचत नाही. पाय गळतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. अंग गार झालं की बरंचसं सुधारतं. म्हणून घाबरू नका, आधी गारवा द्या.

बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरका. आंघोळीला कढत पाणी नको. दुपारी पलंग कूलरसमोर घ्या. लाईट गेली तर मानेवर ओला पंचा ठेवा. लग्नाला दुपारच्या मांडवात बसवू नका, संध्याकाळी भेटून या. पाहुणे रुसले तर रुसू द्या.

दोन-तीन दिवसांत एकदम बिघडलं, तर ताप मोजा आणि लघवी तपासून घ्या. लघवीत जंतुसंसर्ग झाला की पाय अचानक जड होतात, आणि जळजळ जाणवेलच असं नाही. नवा अटॅक समजून "स्टेरॉइडची बाटली लावा" असा आग्रह धरू नका. संसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो.

वारंवार उठावं लागतं म्हणून बरेच जण पाणीच कमी पितात. तसं करू नका. त्याने संसर्ग आणि बद्धकोष्ठता दोन्ही वाढतात. लघवी धरवत नसेल किंवा पूर्ण होत नसेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर इलाज आहे.

पाय ताठरतात म्हणून बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू असतील, तर मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकतं. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. थोडा करा, पण रोज करा. काठी घ्यायला कमीपणा मानू नका. जे बसून किंवा पडून असतात, त्यांच्या टाचा आणि माकडहाड रोज पाहा. कातडी लाल दिसली तर त्या जागेवरचा दाब लगेच काढा.

सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहेत. मेंदूविकार तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, ते आधी विचारून घ्या. जुने एमआरआय एका पिशवीत तारखेनुसार लावून न्या. या टप्प्यावर आपल्याला चालेल असं औषध आहे का, ते विचारा. काहींना त्याचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही.

आणखी एक काम राहून जातं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यांत एमएस आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्रासाठी, अर्ज करा. बऱ्याच सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीच्या दिवशी उसनं बळ आणून चालून दाखवू नका. संध्याकाळी थकल्यावर कसं होतं, संडासला जाताना कुणाचा हात लागतो, तेही डॉक्टरांना सांगा.