उत्तर बरोबर, मांडणी बदललेली



शाळेतल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर आम्ही लिनक्स टाकलंय. त्यात पाठांचे व्हिडिओ आणि पीडीएफ ठेवलेत. मुलं टॅबवर त्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकतात आणि इंटरनेट नसलं तरी पाठ उघडतो. हा पत्ता अधूनमधून बदलतो, म्हणून मी चार ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली होती. कॉम्प्युटर सुरू झाला की तिने पत्ता शोधायचा आणि प्रोजेक्टरवर मोठ्या अक्षरांत दाखवायचा. दोन वर्षं बिनतक्रार चाललं. मग सुट्टीत लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि शाळा उघडल्यावर पडद्यावर नुसतं ‘आजचा पत्ता’ एवढंच आलं. पुढे कोरं. मुलं टॅब हातात धरून माझ्याकडे बघतायत. “मॅडम, काय टाकायचं?”

दोन दिवस मी राउटर, वायर, सगळं तपासलं. दोष तिथे नव्हताच.

ज्यांनी काळ्या पडद्यावर काम केलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. तिथे बटणं नसतात, आज्ञा टाइप करायची आणि उत्तर मजकुरात येतं. खरी गंमत म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसऱ्या आज्ञेच्या हातात देता येतं. पहिलीने दहा ओळी दिल्या की दुसरी त्यातली हवी ती ओळ निवडते, तिसरी त्या ओळीतला हवा तो तुकडा कापते. म्हणजे ते उत्तर माणूसही वाचतो आणि दुसरा प्रोग्रॅमही. माणूस अर्थ वाचतो, प्रोग्रॅम मांडणी वाचतो.

माझी स्क्रिप्ट ‘इफकॉन्फिग’ या आज्ञेचं उत्तर वाचत होती. जुन्या आवृत्तीत ती ‘इनेट ॲडर’ असं लिहून, अपूर्णविराम देऊन पुढे पत्ता द्यायची. नव्या आवृत्तीत ‘ॲडर’ गेलं, अपूर्णविराम गेला. नुसतं ‘इनेट’, मोकळी जागा आणि पत्ता. पत्ता तोच, अगदी बरोबर. माणसाने बघितलं तर फरक लक्षातही येणार नाही, उलट नवी मांडणी जास्त सुटसुटीत आहे. पण माझी स्क्रिप्ट ‘इनेट ॲडर’ हे शब्द शोधत होती. ते सापडले नाहीत, आणि सापडले नाहीत हे तिने कुणाला सांगितलंही नाही. रिकामं उत्तर घेऊन ती गपचूप पुढे गेली. मोठ्याने चूक झाली असती तर पाच मिनिटांत कळलं असतं. वर्गातही असंच असतं ना, “येत नाही” म्हणणारं पोर सापडतं, वही मिटून बसणारं सापडत नाही.

यावरून मला २०१९ सालचा आपला गोंधळ आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! वर्तमानपत्रं, व्हॉट्सॲप, विधिमंडळ, कुठेही कोट्या कमी पडल्या नाहीत. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी ही जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, आणि आपण एकक आधी बोलतो पण दशक आधी लिहितो. सत्तावीस सांगितल्यावर ७२ लिहिणारं मूल मला दरवर्षी भेटतं. आमच्या देवळाली कॅम्पात लष्करातल्या बदल्यांमुळे दक्षिणेकडची मुलंही येतात. कन्नड, तेलुगू, तमिळमध्ये दशकच आधी बोलतात, त्यामुळे त्या मुलांना ‘वीस एक’ सांगितलं की चेहऱ्यावर लगेच कळतं. नवी मांडणी चांगलीच होती, असं माझं मत आहे.

पण ‘एकवीस’ हे उत्तर फक्त वर्गात वाचलं जात नाही. लॅम रोडवरचा भाजीवाला, रिक्षावाला, घरातली आजी, सगळे ते ‘वाचतात’. त्यांच्या कानांना ‘वीस एक’ची सवय नाही. म्हणून पुस्तकात दोन्ही रूपं दिली होती, ‘वीस एक’ही आणि ‘एकवीस’ही. जुनं काढून टाकलं नव्हतं. घरोघर पोचलं ते मात्र ‘एकवीस बंद’.

कॉम्प्युटरच्या जगातही असंच झालं होतं. फायलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा जानेवारी २०१६ च्या आवृत्तीपासून मोकळी जागा असलेली नावं अवतरणचिन्हांत दाखवू लागली. लोक चिडले, अजूनही काही चिडतात. पण ती चिन्हं फक्त पडद्यावर बघणाऱ्या माणसाला दिसतात. तेच उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे गेलं की जुन्या रूपातच जातं. शिवाय पडद्यावरही जुनं रूप हवं असेल तर पर्याय आहे. म्हणजे ओरडा प्रचंड, मोडतोड जवळजवळ नाही. ‘इफकॉन्फिग’चं उलट. त्यावर फारसा ओरडा माझ्या कानावर आला नाही, पण माझ्यासारख्यांच्या स्क्रिप्टा मुकाट्याने मोडल्या. बदल नीट हाताळला की नाही हे किती लोक ओरडले यावरून ठरवू नये, असं मला वाटतं ते यामुळे. कुणाचं चालू काम बंद पडलं आणि ते त्याला कळलं का, ते बघायला हवं.

आणि ज्याला जुनं चालू ठेवताच येत नाही, त्याने निदान नाव तरी बदलावं. याचं उत्तम उदाहरण आपल्या आजीच्या बटव्यात आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. आधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, आता शंभर पैसे झाले. जुना पैसा आणि नवा पैसा यांची किंमत वेगळी आणि नाव एकच, म्हणजे बाजारात रोज भांडणं. म्हणून नव्याला ‘नया पैसा’ म्हटलं. जुनी नाणी काही वर्षं सोबत चालली, एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे असा हिशोब ठरला, आणि घोळ होण्याची भीती संपल्यावर १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द गळून पडला. (नोटा छापणारं नाशिकरोड आमच्या शेजारी, म्हणून पैशांचं उदाहरण जरा लवकर सुचतं.) पंचवीस पैशांना ‘चार आणे’ म्हणणारी माणसं मी लहानपणी रोज ऐकली. त्यांचं काही अडलं नाही.

लिनक्समध्येही ‘इफकॉन्फिग’च्या कामासाठी ‘आयपी’ नावाची वेगळी आज्ञा आहे, आणि प्रोग्रॅमसाठी तिचं उत्तर ठरलेल्या जेसन साच्यात मागता येतं. ‘गिट’ने तर स्क्रिप्टांसाठी ‘पोर्सलेन’ नावाचं रूप वेगळं काढून, ते आवृत्त्या बदलल्या तरी बदलणार नाही असा शब्द दिलाय. माणसासाठीचं रूप मग खुशाल सुधारत राहा. ‘एपीटी’चं उत्तर दुसऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवलं तर ती आज्ञाच बजावते की माझी मांडणी कायम राहील असं धरू नका. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

माझीही चूक होतीच. माणसाच्या डोळ्यांसाठी लिहिलेल्या ओळीतला अपूर्णविराम धरून मी लटकले होते, आणि उत्तर रिकामं आलं तर काय, हा प्रश्न स्क्रिप्टला विचारलाच नव्हता. आता ती ‘आयपी’कडून जेसनमध्ये पत्ता घेते. पत्ता मिळाला नाही तर पडद्यावर लाल अक्षरांत येतं, ‘पत्ता सापडला नाही, मॅडमना सांगा.’ गेल्या महिन्यात एकदा आलं. दुसरीतल्या एका मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि खाली वाकून सुटलेली वायर स्वतःच लावली.