झाडाला कायदा, मजुराला खाडा

शहरातल्या झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. चांगलेच झाले. पण त्या झाडावर कोयता घेऊन चढणाऱ्या, मे महिन्यात दुभाजकातल्या रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाचे काय? रविवारी सिद्धार्थ उद्यान माणसांनी फुलते. तेव्हा रोजंदारीवरचा माळी घरी थांबला, तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये कारखान्यांत पगारी रजेचा कायदा झाला. हे ठेकेदारालाही माहीत असते! तो म्हणतो, किमान वेतनाचा रोज काढताना महिन्याचा पगार २६ ने भागतात, रविवारचे पैसे त्यातच आले. हिशेब खरा आहे. पण ज्याच्या हातात पूर्ण किमान वेतनच पडत नाही, त्याला २६ काय नि ३० काय?

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातच लिहिले गेले. इथे मुख्य मालक महानगरपालिका आहे. तिने ठेकेदाराचे बिल काढण्याआधी हजेरीपट आणि मजुराचे बँक पासबुक शेजारी ठेवून पाहावे.