सोळाचा हिशेब आणि सूत्राचा आधार

संगणकावरील हिशेबपत्रकात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, ‘डेकटूहेक्स’ नावाचे एक सूत्र आहे. त्यास दशमान संख्या द्यावी, की ते क्षणार्धात तिचे षोडशमान रूप हाती देते. मग हाच खटाटोप विद्यार्थ्याने वहीत कशाला करावा, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत असे, की सूत्र अवश्य वापरावे. परंतु रीत शिकल्यानंतर.

संगणकाचा सारा व्यवहार शून्य आणि एक या दोन अंकांत चालतो. असे चार अंक एका षोडशमान अंकात मावतात, म्हणून या पद्धतीचे महत्त्व. तिची रीत तरी कठीण कोठे आहे? संख्येस सोळाने भागावे, बाकी लिहून ठेवावी, आलेल्या भागाकारास पुन्हा सोळाने भागावे. भागाकार शून्य होईतो असे करून बाक्या शेवटून वाचाव्यात. दहा ते पंधरा यांसाठी ए ते एफ ही अक्षरे योजतात. गोमंतक मुक्त झाला ते १९६१ हे साल घेऊ. बाक्या अनुक्रमे ९, १० आणि ७ येतात, उत्तर ७ए९. सोळाचा हिशेब आपणांस परकाही नाही. १९५७ पर्यंत भारतात रुपयाचे सोळा आणे होत. पोर्तुगीज अमदानीतील गोव्यातही रुपयाचे सोळाच भाग पडत.

आता सूत्रावरच विसंबणाऱ्याची गत पाहा. सूत्राचे उत्तर पत्रकाच्या लेखी संख्या नसून मजकूर असतो. अशा उत्तरांच्या स्तंभाची बेरीज मागितली, तर शून्य येते. ४८५ चे षोडशमान रूप १ई५. तेच कोणी कोऱ्या चौकटीत टंकले, तर पत्रक ‘ई’ म्हणजे दहाचा घात समजून १,००,००० मांडते! चारशे पंच्याऐंशीचे लाख झाले, तरी यंत्र चकार शब्द काढीत नाही. तीन अंकी षोडशमान संख्या ४०९५ च्या पलीकडे जाऊच शकत नाही, हे ज्यास ठाऊक, तोच येथे थबकेल.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आधी पाच उदाहरणे वहीत सोडवा, मग सूत्राने ताळा पाहा. पालकांनीही केवळ उत्तर न पाहता रीत विचारावी. यंत्र वेग देईल. खरेखोटे पारखण्याचे काम मात्र आपलेच आहे.